प्रवचन

प्रवचन : धर्मग्रंथातील एखादे वचन, प्रकरण वा संपूर्ण ग्रंथ आधाराला घेऊन श्रोत्यांपुढे केलेले त्याचे मौखिक विवरण. आजच्या मराठीत हा शब्द धर्मपर भाषणाचा सर्वसामान्य वाचक झाला असला, तरी केवळ भाषण हा त्याचा मूळ अर्थ नव्हे. गुरूने शिष्याला वेद म्हणून दाखविणे व त्याच्याकडून तो म्हणवून घेणे, म्हणजेच विद्येचे संक्रमण, हा त्याचा प्राचीन अर्थ होय. या अर्थापासून आजच्या अर्थापर्यंतचा शब्दाचा प्रवास हा भारतातील धर्मविद्या कोणी सांगावी आणि कोणी ऐकावी, या प्रश्नाच्या इतिहासाशी निगडित आहे. अगदी थोड्यांना अधिकार असलेल्या क्रियेचे हे नाव पुढे ज्यांना तो अधिकार नव्हता, त्यांच्यासह सर्वांसाठी चालणाऱ्या कथनाला मिळाले.

महाराष्ट्रात प्रवचन हे कीर्तन व पुराण यांहून वेगळे मानले जाते. कीर्तनकार उभा राहून, टाळ, मृदंग वा पेटी यांच्या साथीने, गायन आणि आख्यान यांच्या आधारे निरूपण करतो. पुराणिक पोथी समोर ठेवून मूळ श्लोक वाचतो व कथेच्या अंगाने त्याचा अर्थ सांगतो. प्रवचनकार बहुधा बसून, वाद्यांच्या साथीवाचून, ग्रंथातील निवडलेल्या वचनाच्या अर्थाचा विस्तार करतो. प्रत्यक्षात या तिहींच्या सीमा एकमेकींत मिसळतात. तथापि आधारभूत वचनाशी असलेली बांधिलकी हे प्रवचनाचे व्यवच्छेदक लक्षण म्हणता येईल.

व्युत्पत्ती : ‘वच्’ (बोलणे) या धातूला ‘प्र’ हा उपसर्ग व ‘अन’ हा भाववाचक प्रत्यय लागून ‘प्रवचन’ हा शब्द सिद्ध होतो. वाक्, वचन, वक्ता, उक्ती, सूक्त, निर्वचन हे शब्द याच धातूपासून आले असून लॅटिन ‘वोक्स’ (आवाज) व ग्रीक ‘एपोस’ (शब्द, काव्य) हे त्याच इंडो-यूरोपीय धातुकुलातील होत. ‘प्र’ या उपसर्गात ‘पुढे’ आणि ‘प्रकर्षाने’ अशा दोन्ही छटा आहेत. त्यामुळे ‘प्रवचन’ म्हणजे उत्कृष्ट बोलणे, असा अर्थ सहज सुचतो. परंतु प्राचीन वाङ्मयातील उपयोग पाहता ‘पुढे’ ही छटाच प्रधान ठरते. आपल्यापाशी आलेले वचन पुढच्याच्या स्वाधीन करणे, हा त्यातील मर्मभूत भाव होय.

पाणिनीच्या व्याकरणातून हीच गोष्ट स्पष्ट होते. एखाद्याने ‘प्रोक्त’ केलेला ग्रंथ आणि त्याने ‘कृत’ केलेला, म्हणजे रचलेला, ग्रंथ यांच्यासाठी पाणिनीने वेगवेगळी सूत्रे दिली आहेत. ‘प्रोक्त’ हे ‘प्रवचन’ या शब्दाचेच भूतकालवाचक धातुसाधित असून त्याचा अर्थ येथे ‘शिकविलेला’ वा ‘प्रसृत केलेला’ असा आहे. ‘प्रवचनीय’ हा शब्द कर्तरी व कर्मणी अशा दोन्ही अर्थांनी वापरता येतो, असेही पाणिनी सांगतो. काशिकावृत्तीतील उदाहरणांनुसार स्वाध्याय, म्हणजे वेद, शिकविणारा गुरू हाही प्रवचनीय आणि गुरूने शिकवावयाचा वेद हाही प्रवचनीय. बोलणारा आणि बोलले जाणारे वचन या दोहोंना एकच शब्द लागू पडावा, ही प्रवचनाच्या मूळ कल्पनेशी सुसंगत अशी बाब आहे.

वैदिक परंपरेतील अर्थ : तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत ‘स्वाध्याय’ व ‘प्रवचन’ हे दोन शब्द जोडीने येतात. ऋत, सत्य, तप, दम, शम, अग्निहोत्र, अतिथिसत्कार, प्रजा इ. कर्तव्यांची गणना करताना प्रत्येक कर्तव्याबरोबर या जोडीचा पुन्हा पुन्हा उच्चार केला आहे. सत्य हेच श्रेष्ठ, तप हेच श्रेष्ठ, अशी मते नोंदविल्यावर शेवटी नाक मौद्गल्य या आचार्याचे मत दिले आहे. त्याच्या मते स्वाध्याय आणि प्रवचन हेच खरे तप होय. विद्या पूर्ण करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्याने केलेल्या सुप्रसिद्ध उपदेशातही या दोहोंची हयगय करू नये, असे बजावले आहे. स्वाध्याय म्हणजे स्वतःच्या वेदशाखेचे स्वतः केलेले पठण व प्रवचन म्हणजे तिचे दुसऱ्यास अध्यापन. घेतलेले ठेवणे आणि ठेवलेले देणे अशी ही जोड आहे.

याच वल्लीच्या आरंभीच्या भागात संधीच्या परिभाषेत विद्येचे एक रूपक आले आहे. दोन वर्णांची संधी होताना पूर्वीचा वर्ण, नंतरचा वर्ण, त्यांची संधी आणि ती घडविणारे साधन अशी चार अंगे असतात. विद्येच्या बाबतीत आचार्य हे पूर्वरूप, शिष्य हे उत्तररूप, विद्या ही संधी आणि प्रवचन हे तिचे संधान म्हणजे जोडणारे साधन, असे तेथे म्हटले आहे. प्रवचनाची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच आढळते. तीनुसार प्रवचनाला दोन टोके आवश्यक ठरतात. ऐकणारा नसेल, तर वक्त्याचे बोलणे कितीही प्रभावी असले तरी ते प्रवचन ठरत नाही.

गौतम धर्मसूत्रात ब्राह्मणाची विशेष कर्मे सांगताना अध्यापनाच्या अर्थी ‘प्रवचन’ हाच शब्द योजिला आहे. बौधायन गृह्यसूत्रातील तर्पणप्रकरणात बौधायनाला ‘प्रवचनकार’ आणि आपस्तंबाला ‘सूत्रकार’ अशी वेगवेगळी बिरुदे दिली आहेत. बौधायनाचे श्रौतसूत्र इतर श्रौतसूत्रांच्या मानाने विस्तृत असून त्याची शैली ब्राह्मणग्रंथांतील गद्याला जवळची आहे. आखीव, संक्षिप्त सूत्र आणि शिकविण्याच्या ओघात आलेले विवरण यांतील फरक प्राचीनांच्या लक्षात आला होता, हे यावरून दिसते.

पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी विद्या चार प्रकारांनी उपयुक्त होते, असे सांगितले आहे : ती गुरूकडून मिळविण्याच्या काळात, स्वतः घोकण्याच्या काळात, दुसऱ्यास शिकविण्याच्या काळात आणि व्यवहारात वापरण्याच्या काळात. यांतील तिसऱ्या अवस्थेला त्याने प्रवचनकाल हे नाव दिले आहे. कठ व कलाप या शाखांचे प्रवचन गावोगाव होत असल्याचा त्याचा उल्लेख इ. स. पू. दुसऱ्या शतकातील वेदाध्यापनाच्या प्रसाराचा निदर्शक आहे.

पूर्वमीमांसेत या शब्दाच्या अर्थावर एक मोठा सिद्धांत उभा राहिला. वेद अपौरुषेय आहे, असे मीमांसक मानतात. मग काठक, कालापक अशी माणसांच्या नावांवरून पडलेली नावे वेदशाखांना का असावीत, असा आक्षेप घेतला जाई. ही नावे रचनेमुळे नव्हे, तर प्रवचनामुळे पडली, असे उत्तर जैमिनीने दिले. शबरस्वामींच्या स्पष्टीकरणाप्रमाणे वैशंपायनाने सर्व शाखांचे अध्ययन केले होते. कठाने मात्र ही एकच शाखा शिकविली व तिच्या अध्यापनात त्याने असाधारण नैपुण्य मिळविले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. म्हणजे ज्याने वचन पुढे नेले, त्याचे नाव त्या वचनाला लागते. पण तो त्याचा कर्ता होत नाही. प्रवचनकार स्वतःचे काही सांगत नाही, तो परंपरेने आलेले सांगतो, ही आजही आढळणारी भूमिका येथे तात्त्विक पातळीवर मांडली गेली आहे.

प्रवचनाच्या मर्यादेची जाणीवही याच परंपरेत आढळते. कठ व मुंडक या दोन्ही उपनिषदांत, आत्मा प्रवचनाने प्राप्त होत नाही, बुद्धीने होत नाही आणि पुष्कळ ऐकण्यानेही होत नाही, असा विचार आला आहे. हे विधान आज अनेकदा प्रवचनकारांवरील टीका म्हणून उद्धृत केले जाते. परंतु शंकराचार्यांनी येथे ‘प्रवचन’ याचा अर्थ अनेक वेदांचे ग्रहण, शास्त्रांचे विपुल अध्ययन असा केला आहे. सभेतील भाषण हा अर्थ त्यांच्याही मनात नव्हता.

जैन व बौद्ध परंपरा : जैन वाङ्मयात हा शब्द (प्राकृत ‘पवयण’ वा ‘पावयण’) क्रियेऐवजी सांगितलेल्या विषयाचा, म्हणजे खुद्द आगमाचा व जिनशासनाचा वाचक झाला. ‘निर्ग्रंथ प्रवचन’ म्हणजे निर्ग्रंथांचा धर्मोपदेश. त्यावर श्रद्धा असल्याचे उद्‌गार आगमांतील श्रावकांच्या तोंडी वारंवार येतात. तीर्थंकरांनी अर्थरूपाने सांगितलेले व गणधरांनी सूत्ररूपाने गुंफलेले द्वादशांग म्हणजे प्रवचन होय. पाच समिती आणि तीन गुप्ती या आठ आचारनियमांना ‘प्रवचनमाता’ म्हणतात व उत्तराध्ययन सूत्राच्या चोविसाव्या अध्ययनात त्यांचे विवेचन आहे. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकरत्व प्राप्त करून देणाऱ्या सोळा भावनांत प्रवचनभक्ती व प्रवचनवात्सल्य यांचा अंतर्भाव आहे. कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसार या शौरसेनी प्राकृत ग्रंथाच्या नावातही हाच अर्थ अभिप्रेत आहे. ज्ञान, ज्ञेय व चारित्र्य अशा तीन विभागांचा हा ग्रंथ जिनागमाचे सार सांगतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील प्राध्यापक आ. ने. उपाध्ये यांनी त्याची चिकित्सक आवृत्ती विस्तृत प्रस्तावनेसह १९३५ मध्ये प्रसिद्ध केली.

जैन परंपरेत धर्माची प्रभावना करणाऱ्या आठ प्रकारच्या व्यक्ती मानल्या असून त्यांत ‘प्रावचनी’ आणि ‘धर्मकथी’ या वेगळ्या गणल्या आहेत. प्रावचनी म्हणजे आगमांचा जाणकार व धर्मकथी म्हणजे लोकांना धर्मोपदेश करणारा. एकच व्यक्ती दोन्ही असू शकते. पण ग्रंथज्ञान व वक्तृत्व हे भिन्न गुण आहेत, ही जाणीव या वर्गीकरणामागे आहे. चातुर्मासात साधुसाध्वी श्रावकांपुढे जे विवरण करतात, त्यासाठी ‘व्याख्यान’ हा शब्द या समाजात रूढ झाला. गुजराती ‘वखाण’ हे त्याचेच रूप होय.

पालीतील ‘पावचन’ या शब्दाचा अर्थही बुद्धाची समग्र शिकवण असा आहे. दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात अखेरच्या काळात बुद्ध आनंदाला सांगतो, की आता या पावचनाचा शास्ता उरला नाही, असे तुम्हांला वाटेल, पण तसे समजू नका. मी सांगितलेला धर्म व विनय हेच माझ्या पश्चात तुमचे शास्ते होत. व्यक्ती जाते व वचन उरते, हा आशय येथेही आहे. प्रत्यक्ष उपदेशासाठी मात्र बौद्धांनी ‘धम्मदेसना’ व ‘धम्मकथा’ हे शब्द योजिले. धम्मकथा सांगणाऱ्या भिक्षूंमध्ये पुण्ण मंतानिपुत्त आणि भिक्षुणींमध्ये धम्मदिन्ना यांना बुद्धाने अग्रस्थान दिल्याचे अंगुत्तरनिकायात नमूद आहे. स्त्रीला धर्मवक्त्या म्हणून दिलेल्या मान्यतेचे हे एक अतिप्राचीन उदाहरण होय. सुत्तांचे मुखोद्‌गत पठण करणाऱ्या भिक्षूंना ‘भाणक’ म्हणत. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभलेखात सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय पंथातील भाणकाचा निर्देश आहे. श्रीलंकेत धर्मोपदेशाला ‘बण’ म्हणतात. त्याचा संबंध याच ‘भण्’ (बोलणे, म्हणणे) या धातूशी आहे.

अधिकार व श्रवण : वैदिक प्रवचनाचा अधिकार उपनयन झालेल्या पुरुषांपुरता मर्यादित होता. स्त्रिया व शूद्र यांना वेदाचे श्रवणही वर्ज्य ठरविले गेले. ब्रह्मसूत्रांच्या अपशूद्राधिकरणात हा निषेध तात्त्विक चर्चेत आला असून इतिहास-पुराणांचे श्रवण मात्र चारही वर्णांना मोकळे आहे, असे शंकराचार्यांनी तेथे नमूद केले आहे. ज्यांना वेद ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी व्यासांनी महाभारत रचले, असे भागवतपुराण सांगते. अशा रीतीने एकाच समाजात धर्मविद्येच्या दोन वाटा निर्माण झाल्या. एक वेदाच्या प्रवचनाची, बंदिस्त व निवडक. दुसरी इतिहास-पुराणांच्या वाचन-श्रवणाची, खुली व बहुजनांची.

दुसऱ्या वाटेचे पुरावे विपुल आहेत. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या हर्षचरितात सुदृष्टी नावाचा वाचक वायुपुराणाची पोथी वाचतो, तर कादंबरीत राणी विलासवती उज्जयिनीच्या महाकाल मंदिरात महाभारत ऐकते. कंबोडियातील वेआल कांतेल येथील सहाव्या शतकाच्या सुमाराच्या संस्कृत शिलालेखात रामायण, महाभारत व पुराण यांच्या प्रती मंदिराला देऊन त्यांच्या नित्य वाचनाची व्यवस्था केल्याची नोंद आहे. राजाने स्वतः जनतेला धर्म सांगावा, ही कल्पना त्याही आधी अशोकाच्या आठव्या शिलालेखात आढळते. विहारयात्रांऐवजी आरंभिलेल्या धर्मयात्रांत ग्रामीण जनांची भेट, त्यांना धर्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धर्माविषयी प्रश्नोत्तरे यांचा समावेश होता. या लेखाचा एक तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपारा (जि. पालघर) येथे सापडला. मात्र या सर्व ठिकाणी वाचन, श्रवण, अनुशासन असे शब्द येतात. ‘प्रवचन’ हा शब्द येत नाही.

मराठी परंपरा : तेराव्या शतकात महाराष्ट्रात या दोन वाटा एकमेकींना मिळू लागल्या. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी आपले तत्त्वज्ञान संवादांतून, लोकांच्या बोलीत सांगितले. त्यांच्या वचनांचे संकलन सूत्रपाठात झाले व त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लीळाचरित्रात नोंदविल्या. या वाङ्मयात अशा कथनाला ‘निरूपण’ म्हटले आहे. महदाइसेसारख्या स्त्रिया या निरूपणात केवळ श्रोत्या नव्हत्या; त्या प्रश्न विचारीत. चक्रधरांनंतर पंथाचे नेतृत्व करणारे नागदेवाचार्य यांनी केशिराजांना संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केल्याचा प्रसंग स्मृतिस्थळात आला आहे. संस्कृतामुळे पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, हे त्यांनी दिलेले कारण होते. भाषेचा निर्णय येथे विद्वत्तेच्या नव्हे, तर श्रोत्याच्या बाजूने झाला.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे भगवद्‌गीतेवर भावार्थदीपिका (ज्ञानेश्वरी) ही सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका सांगितली. ती लिहून घेण्याचे काम सच्चिदानंदबाबांनी केल्याचा निर्देश ग्रंथसमाप्तीच्या ओव्यांत आहे. टीकाग्रंथ असूनही तिचे रूप सभेतील निरूपणाचे आहे. श्रोत्यांचे अवधान मागणे, विषयांतर झाल्याबद्दल त्यांची क्षमा मागणे, निवृत्तिनाथांच्या संमतीने पुढे जाणे हे सारे तिच्यात वारंवार येते. अठराव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी वेदाला संपन्न पण कृपण म्हटले आहे, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला व स्त्री-शूद्रांना त्याने दूर ठेवले. हे उणे भरून काढण्यासाठी वेदच गीतेच्या रूपाने प्रकट झाला व सर्वांना सेव्य झाला, असा त्यांचा अभिप्राय आहे. परंपरेचा मान राखूनही तिच्यातील अधिकारभेदावर केलेले हे मर्मग्राही भाष्य होय. वैदिक प्रवचनाची निष्ठा, म्हणजे मूळ वचनाशी बांधिलकी, आणि पुराणश्रवणाची व्यापकता या दोहोंचा मेळ ज्ञानेश्वरीत पडला. आजच्या अर्थाच्या प्रवचनाचा खरा आरंभ येथे मानता येईल, जरी तो शब्द तेव्हा या अर्थाने वापरात नव्हता.

एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील आपली टीका शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये वाराणसी येथे पूर्ण केली. तिच्यातही मराठीच्या योग्यतेचे समर्थन आहे. समर्थ रामदासांच्या दासबोधात श्रवणभक्तीला पहिले स्थान असून अनेक समासांच्या नावांतच ‘निरूपण’ हा शब्द आहे. सारांश, मध्ययुगीन मराठीत या क्रियेचे प्रचलित नाव ‘निरूपण’ हे होते. ‘रूप’ या शब्दापासून आलेल्या या संज्ञेत, न दिसणारे दिसेल असे करणे ही कल्पना आहे. ‘प्रवचन’ या शब्दात वचनाच्या संक्रमणावर भर आहे, तर ‘निरूपण’ या शब्दात श्रोत्याच्या आकलनावर.

अन्य धर्मांतील तुल्य संज्ञा : ख्रिस्ती धर्मातील उपदेशासाठी यूरोपीय भाषांत रूढ असलेला ‘सर्मन’ हा शब्द लॅटिन ‘सेर्मो’ (बोलणे, संभाषण) यापासून, तर ‘होमिली’ हा ग्रीक ‘होमिलिया’ (संगती, संवाद) यापासून आला आहे. म्हणजे हे शब्द साध्या बोलण्यावरून धार्मिक अर्थाकडे गेले, तर ‘प्रवचन’ हा शब्द काटेकोर शास्त्राध्यापनाकडून साध्या बोलण्याकडे आला. त्यांची दिशा परस्परविरुद्ध असली, तरी प्रश्न समान होता. इ. स. ८१३ मध्ये फ्रान्समधील तूर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने उपदेश सर्वांना कळावा म्हणून तो ग्रामीण रोमान्स वा जर्मन बोलीत करावा, असे ठरविले. नागदेवाचार्यांच्या निर्णयाशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. गोव्यात जेझुइट धर्मोपदेशक टॉमस स्टीफन्स यांनी नवख्रिस्ती लोकांसाठी मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत छापले गेले व चर्चमध्ये वाचले जाई. उपदेशाला पुराणाचे रूप दिल्याशिवाय तो या भूमीत रुजणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. इस्लाममध्ये शुक्रवारच्या सामुदायिक नमाजाच्या वेळी दिल्या जाणाऱ्या प्रवचनास ‘खुतबा’ व ते देणाऱ्यास ‘खतीब’ म्हणतात. प्रसंगविशेषी केलेल्या धर्मपर उपदेशाला ‘वाज’ ही संज्ञा आहे.

अर्वाचीन काळ : एकोणिसाव्या शतकात वक्ता आणि श्रोता या दोन्ही टोकांना बदल झाला. अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाई व कन्या रमाबाई यांना संस्कृत शिकविले. या कुटुंबाने भारतभर फिरून पुराणकथनावर निर्वाह केला. आईवडिलांच्या मृत्यूनंतर भावासह कलकत्त्यास गेलेल्या रमाबाईंना तेथील विद्वानांनी १८७८ मध्ये ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ज्या आसनावर स्त्रीने बसावयाचे नाही, असे शतकानुशतके मानले गेले, त्यावरून एक तरुण स्त्री संस्कृतात बोलत होती. मुंबईत १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाच्या उपासनेत प्रार्थनेबरोबर उपदेशाला महत्त्वाचे स्थान होते. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर व पुढे विठ्ठल रामजी शिंदे यांनी तेथे उपनिषदे आणि संतवचने यांच्या आधारे विवेचने केली. ती ‘उपदेश’ वा ‘धर्मपर व्याख्याने’ या नावांनी ओळखली जात. वक्त्याने वचन स्वीकारताना त्याची बुद्धीने पारख करावी, ही भूमिका त्यांतून पुढे आली.

वारकरी संप्रदायात विष्णुबुवा जोग (१८६७–१९२०) यांनी १९१७ मध्ये आळंदी येथे वारकरी शिक्षण संस्थेची स्थापना करून कीर्तनकार-प्रवचनकारांच्या पद्धतशीर शिक्षणाचा पाया घातला. त्यांचे शिष्य शं. वा. तथा सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक असून ज्ञानेश्वरीचे प्रवचनकार म्हणून सर्वत्र मान्यता पावले.

विनोबा भावे यांनी धुळे येथील तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा भाषणे केली. सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. गीता प्रवचने या नावाने ग्रंथरूप झालेल्या या विवेचनाची अनेक भारतीय भाषांत भाषांतरे झाली. या शीर्षकाने ‘प्रवचन’ या शब्दाचा आधुनिक अर्थ मराठी वाचकांच्या मनावर पक्का होण्यास मोठा हातभार लावला. आधारभूत ग्रंथ गीता, भाषा साधी मराठी, सभागृह तुरुंगाचे आणि श्रोते राजबंदी, असे हे प्रवचन होते. बोलणारा एक व टिपून घेणारा दुसरा ही ज्ञानेश्वर-सच्चिदानंदबाबांची जोडीही येथे पुन्हा दिसते. पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांनी मुंबईत माधवबागेतील पाठशाळेत दीर्घकाळ गीता व उपनिषदे यांवर प्रवचने केली. त्यांच्या कार्याला मिळालेले ‘स्वाध्याय’ हे नाव तैत्तिरीय उपनिषदातील जुन्या जोडीचे स्मरण करून देते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे केलेल्या धर्मांतरानंतर नवबौद्ध समाजात ‘धम्मदेसना’ (धम्मदेशना) हा प्राचीन पाली शब्द पुन्हा प्रचारात आला. वेदश्रवणाचा अधिकार नाकारला गेलेल्यांच्या वंशजांनी प्रवचनाऐवजी स्वतःच्या परंपरेतील संज्ञा निवडावी, यामागील अर्थ स्पष्ट आहे.

ध्वनिवर्धक, आकाशवाणी, ध्वनिफिती आणि दूरचित्रवाणी यांमुळे विसाव्या शतकात प्रवचनाचा श्रोतृवर्ग अमर्याद वाढला. त्याबरोबर शब्दाचा अर्थही सैल झाला. ग्रंथाचा आधार नसलेल्या नीतिपर भाषणालाही प्रवचन म्हटले जाऊ लागले व कंटाळवाण्या उपदेशासाठी तो उपहासानेही योजिला जातो. श्रोता प्रश्न विचारू शकेल इतक्या अंतरावर उरला नाही, हा याहून मोठा बदल होय. आचार्य व शिष्य अशी दोन निश्चित टोके जोडणारे संधान, हे उपनिषदाने सांगितलेले प्रवचनाचे स्वरूप होते. त्यातील शिष्याच्या जागी सर्व समाज आला, ही या शब्दाच्या इतिहासातील मोठी उपलब्धी मानली पाहिजे. तथापि वचनाशी निष्ठा आणि श्रोत्याचे आकलन या दोन कसोट्या कायम राहिल्या, तरच अशा भाषणाला प्रवचन हे नाव सार्थपणे देता येईल.